श्वासनलिकेची कडी : घडत्या कूर्चेतील कोलॅजनची मांडणी

श्वासनलिकेला एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन गरजा भागवाव्या लागतात. ती सदैव उघडी राहिली पाहिजे आणि तरीही वाकली, लांबली, थोडी दबली पाहिजे. मान मागे टाकली की ती ताणली जाते. घास गिळताना स्वरयंत्राबरोबर ती वर सरकते, आणि मागच्या अन्ननलिकेतून मोठा घास उतरू लागला की तिची मागची भिंत पुढे सरते. खोकताना छातीतील दाब एकदम चढतो आणि नळीचा छातीतला भाग बाहेरून दाबला जातो. प्रौढ माणसात ही नळी सुमारे १० ते १२ सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या समोरच्या व बाजूच्या भिंतीत कूर्चेची १६ ते २० कडी असतात. एकेक कडे सुमारे ४ मिलिमीटर उंच आणि १ मिलिमीटर जाड असते. ते पूर्ण वर्तुळ नसते. नालासारखे मागे उघडे असते, आणि त्याची दोन टोके अनैच्छिक स्नायूच्या पट्ट्याने जोडलेली असतात. दोन कड्यांमध्ये कोलॅजन व इलॅस्टिन यांचा तंतुमय पडदा असतो. आडव्या दिशेला ताठरपणा आणि उभ्या दिशेला लवचीकपणा अशी ही वाटणी आहे, आणि दोन्ही गरजा तिच्यातूनच भागतात.

या कड्यांचे द्रव्य म्हणजे काचाभ कूर्चा, शालेय पुस्तकांतली कास्थी. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात. पेशीही विरळच असतात. बहुतेक जागा त्या पेशींनी स्वतःभोवती रचलेल्या आधारद्रव्याने व्यापलेली असते आणि त्याच्या वजनात सर्वांत मोठा वाटा पाण्याचा असतो. हे पाणी धरून ठेवण्याचे काम ॲग्रेकन नावाचा प्रचंड रेणू करतो. त्याच्या मधल्या प्रथिनाला काँड्रॉइटिन सल्फेट आणि केराटन सल्फेट यांच्या ऋणभारित साखळ्या दाटीने लागलेल्या असतात. हे ऋणभार सोडियमचे आयन ओढतात, त्या आयनांमागून पाणी येते आणि सगळे द्रव्य फुगू पाहते. कोलॅजनच्या तंतूंचे जाळे त्याला मर्यादेपलीकडे फुगू देत नाही. आतून रेटणारे पाणी आणि त्याला आवळून धरणारे तंतू यांच्या ताणाताणीतून कूर्चेचा कणखरपणा जन्मतो. दाब सोसावा ॲग्रेकनने आणि ताण सोसावा कोलॅजनने, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून एखाद्या कड्यात किती कोलॅजन आहे एवढे समजून भागत नाही. ते कोणत्या प्रकारचे आहे, कोणत्या थरात आहे, त्याचे तंतू कोणत्या दिशेने गेले आहेत आणि गर्भाच्या वाढीत ते कोणत्या क्षणी तिथे बसले, या चार गोष्टींवर बाळाचा पहिला श्वास सुकर होणार की नाही हे ठरते.

कोलॅजनचा रेणू तिपेडी वेणीसारखा असतो. प्रथिनाचे तीन पेड एकमेकांभोवती गुंफलेले असतात आणि प्रत्येक पेडात दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, कारण वेणीच्या गाभ्यात त्याहून मोठ्या अमिनो आम्लाला जागाच उरत नाही. त्यामुळे एका ग्लायसीनच्या जागी दुसरे काही आले तरी गुंफण सैल पडते. कूर्चेच्या कित्येक जन्मजात विकारांचे मूळ एवढ्याशा बदलात आहे. ही तिपेडी रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी ती सुधारून पक्की केली. विसाव्या शतकात भारतीय प्रयोगशाळेत झालेल्या मूलभूत कामांत तिचे स्थान फार वरचे आहे आणि तिला मिळायला हवा तेवढा मान आजही मिळत नाही. पूर्ण रेणूची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर आणि जाडी अवघी दीड नॅनोमीटर असते. वेणी शरीराच्या तापमानाला टिकावी म्हणून तिच्यातील बऱ्याच प्रोलीनवर हायड्रॉक्सिल गट बसवावा लागतो आणि ते काम करणाऱ्या एन्झाइमला क जीवनसत्त्व लागते.

कोलॅजनचे २८ प्रकार आज ज्ञात आहेत. त्वचा, कंडरा आणि हाडे यांत पहिला प्रकार मुख्य असतो. कूर्चेचे कोलॅजन त्याहून वेगळे आहे हे १९६९ मध्ये एडवर्ड मिलर आणि मॅटुकास यांनी कोंबडीच्या पिलाच्या कूर्चेवर काम करताना दाखवले. तोपर्यंत सगळीकडचे कोलॅजन एकच असावे असा समज होता. या शोधानंतर प्रत्येक ऊतीचे कोलॅजन वेगळे तपासावे लागले आणि विकासजीवशास्त्राला एक चांगली खूण मिळाली. एखाद्या पेशीने दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन तयार करायला घेतले की ती कूर्चेच्या वाटेला लागली असे मानता येऊ लागले.

कूर्चेतला तंतू मात्र एकट्या दुसऱ्या प्रकाराचा नसतो. त्याच्या गाभ्यात अकराव्या प्रकाराचे थोडे रेणू असतात आणि पृष्ठभागावर नवव्या प्रकाराचे रेणू रासायनिक बंधांनी जखडलेले असतात. अकराव्या प्रकारामुळे तंतूची जाडी आटोक्यात राहते. तो नसेल तर तंतू जाड आणि बेढब होतात. नववा प्रकार तंतूला शेजारच्या रेणूंशी जोडतो. म्हणून गर्भातील कूर्चेचे तंतू कंडरेतल्या तंतूंच्या मानाने अतिशय बारीक असतात आणि सर्व दिशांना पसरून जाळे विणतात. प्रत्येक कूर्चापेशीच्या अगदी लगत सहाव्या प्रकाराच्या सूक्ष्म धाग्यांचे वेष्टन असते. कड्यावर बाहेरून जे तंतुमय आवरण चढलेले असते, त्या परिकूर्चेत पहिला आणि तिसरा प्रकार असतो. एक मिलिमीटर जाडीच्या कड्यात इतके प्रकार आपापल्या जागा राखून असतात.

या मांडणीची सुरुवात फार लवकर होते. मानवी भ्रूणात चौथ्या आठवड्यात आद्य अन्नमार्गाच्या पोटाकडच्या भिंतीतून श्वसनमार्गाचा कोंब फुटतो. तो खाली वाढतो, मागच्या अन्ननलिकेपासून वेगळा होतो आणि त्याचे टोक दुभंगून फुप्फुसांचे दोन कोंब तयार होतात. नळीचे आतले अस्तर अंतःस्तरापासून येते. कूर्चा, स्नायू आणि बाकीची भिंत भोवतालच्या मध्यस्तरापासून. या मध्यस्तराच्या सैल, ताऱ्यासारख्या पेशींना मेसेनकाइम म्हणतात. सातव्या-आठव्या आठवड्यात त्या ठरावीक जागी एकवटू लागतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास श्वासनलिकेत कूर्चा स्पष्ट ओळखू येते. तिथून हे काम फुप्फुसाच्या दिशेने श्वसनींच्या एकेका फाट्यात सरकत जाते आणि गर्भकाळाच्या सहाव्या महिन्यापर्यंत कूर्चेचा पसारा जवळजवळ प्रौढांसारखा होतो.

यातील कारणांची साखळी मुख्यतः उंदरात उलगडली आहे. उंदराचा गर्भकाळ सुमारे १९ दिवसांचा असतो. साडेनवव्या दिवशी श्वसनमार्गाचा कोंब दिसतो आणि त्यानंतर दिवसाभरातच नळीच्या पोटाकडील मेसेनकाइममध्ये सॉक्स-९ हे जनुक सक्रिय होते. त्याचे प्रथिन डीएनएवर बसून इतर जनुके चालू करते. दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचे जनुक ते थेट चालू करते आणि त्या कामात सॉक्स-५ व सॉक्स-६ त्याला साथ देतात. सुरुवातीला सॉक्स-९ चा एक सलग उभा पट्टा असतो. साडेतेराव्या दिवसापर्यंत तो तुटून समान अंतरावरचे आडवे पट्टे होतात. जिथे सॉक्स-९ टिकते तिथे कडे होते आणि जिथे ते ओसरते तिथे कड्यांमधला तंतुमय पडदा होतो. साडेचौदा-पंधराव्या दिवशी कूर्चेचे आधारद्रव्य रंगांनी दाखवता येते. कड्यांची नक्षी आधी जनुकांच्या भाषेत उमटते आणि कोलॅजन त्या नक्षीवर नंतर चढते.

नक्षी कोण आखते, याचे उत्तर नळीच्या आतल्या अस्तराकडे आहे. अस्तरातील पेशी सॉनिक हेजहॉग नावाचे संकेतप्रथिन सोडतात. ते नसलेल्या उंदरांत कडी तयारच होत नाहीत. मेसेनकाइममधून येणारे एफजीएफ-१० हे संकेतप्रथिन कमी झाले तरी कड्यांची रचना बिघडते आणि जास्त झाले तरी बिघडते. अस्तराला डब्ल्यूएनटी वर्गातील संकेत बाहेर सोडता आले नाहीत, तर कूर्चा होत नाही आणि मागचा स्नायू पुढच्या भागातही पसरतो. या शेवटच्या निरीक्षणाचे मोल मोठे आहे. कूर्चा आणि स्नायू एकाच मेसेनकाइममधून येतात आणि जागेची वाटणी त्यांच्यात संकेतांच्या तोलाने होते, हे त्यातून दिसते. एकमेकांना चालना देणारी व रोखणारी रसायने आपोआप समान अंतराची नक्षी उमटवू शकतात, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये गणिताने दाखवले होते. श्वासनलिकेच्या कड्यांना ही कल्पना लावून पाहण्यामागे एफजीएफ-१० आणि सॉनिक हेजहॉग यांचे हेच परस्परसंबंध आहेत. ही नक्षी अगदी काटेकोर मात्र नसते. शेजारची दोन कडी एखाद्या जागी जुळलेली किंवा एखादे कडे टोकाशी दुभंगलेले निरोगी माणसातही आढळते.

आता त्या आखलेल्या पट्ट्यांत कोलॅजन कसे बदलते ते पाहण्यासारखे आहे. एकवटण्यापूर्वीच्या मेसेनकाइममध्ये पहिल्या व तिसऱ्या प्रकारचे कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिन यांचे विरळ जाळे असते. पेशी दाटीने एकत्र येतात, एकमेकींना चिकटतात, आणि याच वेळी दुसऱ्या प्रकाराची निर्मिती सुरू होते. पण सुरुवातीचे रूप आणि नंतरचे रूप एक नसते. या जनुकाच्या संदेशातील दुसरा तुकडा ठेवायचा की वगळायचा याची निवड पेशी करते. कूर्चापूर्व पेशी तो ठेवतात आणि ‘दोन-अ’ हे रूप बनवतात. पक्व कूर्चापेशी तो वगळून ‘दोन-ब’ बनवतात. ‘दोन-अ’च्या टोकाला सिस्टीनने भरलेला एक जादा भाग असतो आणि तो बीएमपी-२ व टीजीएफ-बीटा या वाढीच्या संकेतांना बांधून ठेवू शकतो. ज्या काळात पेशींना कूर्चेच्या वाटेवर ढकलायचे असते, त्या काळातले कोलॅजन असे संकेत आपल्या जाळ्यात धरून ठेवते. कोलॅजन म्हणजे नुसते बांधकामाचे साहित्य, हा समज इथे अपुरा ठरतो.

पट्ट्याच्या मध्यभागातील पेशी आधी गोलाकार होतात आणि दुसऱ्या, नवव्या व अकराव्या प्रकाराचे मिश्रतंतू आपल्याभोवती सोडू लागतात. आधारद्रव्य वाढते तशा त्या एकमेकींपासून दूर सरकतात. त्याच वेळी त्या भागातून पहिल्या प्रकाराची निर्मिती थांबते. कडेच्या पेशी मात्र चपट्या राहतात, कड्याला समांतर थरांत मांडल्या जातात आणि पहिला प्रकार बनवतच राहतात. त्यांची परिकूर्चा होते. कड्याचा आडवा छेद घेऊन पाहिला तर मध्ये दुसऱ्या प्रकाराचा गाभा, बाहेर पहिल्याचे वेष्टन आणि दोहोंच्या सीमेवर एक अरुंद पट्टा दिसतो, जिथे दोन्ही प्रकार एकत्र असतात. हा पट्टा फार महत्त्वाचा आहे. परिकूर्चेच्या आतल्या थरातील पेशी तिथे कूर्चापेशींत बदलतात आणि कडे बाहेरच्या बाजूने वाढते. शिवाय आतल्या पेशी विभागून नवे आधारद्रव्य रचतात, त्यामुळे कडे आतूनही वाढते. पहिल्या प्रकाराचे तंतू परिकूर्चेतून दोन कड्यांमधल्या पडद्यात सलग जातात. कडी वेगवेगळी दिसली तरी पहिल्या प्रकाराच्या एका अखंड नळीत ती बसवलेली असतात, आणि कूर्चा व पडदा यांचा सांधा सुटत नाही याचे कारण हे सातत्य आहे.

तंतूंच्या दिशेचा विचार केला की कामाशी असलेले नाते उघड होते. पृष्ठभागालगतच्या थरात तंतू पृष्ठभागाला समांतर असतात, आतल्या जाड थरात त्यांची दिशा बदलते आणि मांडणी कमी शिस्तीची होते. मानवी श्वासनलिकेच्या कड्यांचे पातळ थर काढून ते ताणून पाहिले असता बाहेरचा, म्हणजे नळीच्या पोकळीपासून दूरचा थर सर्वांत ताठर आणि मधला भाग त्या मानाने मऊ आढळला आहे. मागचा स्नायू आकुंचन पावला किंवा खोकताना बाहेरून दाब आला की कड्याची दोन्ही टोके जवळ येतात. अशा वेळी कड्याची बहिर्वक्र बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. ताण जिथे सर्वांत जास्त, तिथेच तंतू ताणाच्या दिशेने घट्ट मांडलेले असावेत, हे जुळते. गर्भातही ही नळी निष्क्रिय नसते. फुप्फुसे स्वतः एक द्रव स्रवतात. त्याचा दाब भोवतालच्या गर्भजलापेक्षा किंचित जास्त असतो, आणि पहिल्या तिमाहीच्या शेवटी गर्भाच्या श्वसनासारख्या हालचालीही सुरू झालेल्या असतात. घडती कूर्चा अशा रीतीने आरंभापासून ताण आणि दाब अनुभवत असते.

श्वासनलिका दुभंगल्यावर चित्र बदलते. मुख्य श्वसनींत नालाकृती कडी असतात. पुढे त्यांच्या जागी वेड्यावाकड्या आकाराच्या कूर्चापट्टिका येतात आणि त्या लहान व विरळ होत जातात. सुमारे १ मिलिमीटर व्यासापर्यंत पोचलेल्या सूक्ष्म शाखांत कूर्चा संपते. तिथे नळी उघडी ठेवण्याचे काम भोवतालच्या वायुकोशांच्या ताणलेल्या तंतुमय भिंती करतात. पट्टिकांतही दुसऱ्या प्रकाराचा गाभा आणि पहिल्याचे वेष्टन हीच मांडणी असते, पण पट्टिका लहान होत जाईल तसा गाभ्याच्या मानाने वेष्टनाचा वाटा वाढतो. दूरच्या शाखांची कूर्चा नंतर तयार होत असल्याने, ठरलेल्या वेळेच्या फार आधी जन्मलेल्या बाळात श्वासनलिकेची कूर्चा पुढच्या टप्प्यावर आणि श्वसनींच्या शाखांतली बरीच मागे, अशी स्थिती असते.

हातापायांच्या हाडांची कूर्चा आणि श्वासनलिकेची कूर्चा यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो बऱ्याच पाठ्यपुस्तकांत पुरेसा ठसवलेला नसतो. हातापायांत कूर्चा हा तात्पुरता आराखडा असतो. तिथल्या पेशी फुगतात, दहाव्या प्रकारचे कोलॅजन सोडतात, आधारद्रव्यात कॅल्शियमचे क्षार बसतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चेच्या जागी हाड येते. गर्भातील श्वासनलिकेची कडी या वाटेने जात नाहीत. दुसऱ्या प्रकाराची पायरी गाठून ती तिथेच थांबतात आणि आयुष्याचा बराच काळ कूर्चाच राहतात. म्हणून कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या कूर्चेवरून काढलेले निष्कर्ष श्वासनलिकेला जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. आधारद्रव्यातही फरक आहे. मॅट्रिलिन-१ हे प्रथिन प्रौढ श्वासनलिकेच्या कूर्चेत भरपूर असते, प्रौढ सांध्यांच्या कूर्चेत मात्र आढळत नाही. कूर्चेवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते त्या पुनरावर्ती कूर्चादाहात काही रुग्णांच्या रक्तात दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनविरुद्ध, तर काहींत मॅट्रिलिन-१ विरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. कान, नाक आणि श्वासनलिका यांना त्या रोगाची झळ सर्वांत जास्त का लागते, याचे काही उत्तर या फरकात आहे.

कोलॅजन कुठे आहे हे कसे पाहिले, यावरही निष्कर्ष अवलंबून असतात. अल्शियन ब्लू आणि सॅफ्रानिन हे रंग ॲग्रेकनच्या साखळ्या दाखवतात. ते कोलॅजन दाखवत नाहीत. त्यामुळे या रंगांवरून ‘कूर्चा उगवली’ असा दिवस नोंदला, तर दुसऱ्या प्रकाराच्या कोलॅजनची सुरुवात नेमकी निसटते, कारण ती त्याच्या आधी झालेली असते. जनुकाचा संदेश कोणत्या पेशीत आहे हे पाहणे आणि प्रथिन कुठे साठले आहे हे पाहणे याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संदेश आज चाललेले काम सांगतो, प्रथिन कालपर्यंत झालेले. प्रतिपिंडांनी प्रकार ओळखण्याची पद्धत सर्वांत उपयोगी, पण तिच्यातही अडचण आहे. कूर्चेत कोलॅजन ॲग्रेकनच्या दाट साखळ्यांनी झाकलेले असते. हायलुरोनिडेजसारख्या एन्झाइमने त्या साखळ्या आधी काढल्या नाहीत, तर प्रतिपिंड तंतूपर्यंत पोचत नाही आणि भरगच्च कोलॅजन असलेला भाग रिकामा वाटतो. ब्राझीलमधील जुन्क्वेरा यांनी १९७९ मध्ये रूढ केलेली पिक्रोसिरियस रेड आणि ध्रुवित प्रकाश यांची पद्धत तंतूंची दिशा सुंदर दाखवते. परंतु तिच्यातील रंगच्छटांवरून कोलॅजनचा प्रकार ठरवण्याचा मोह टाळावा लागतो, कारण छटा तंतूची जाडी आणि मांडणी यांवर अवलंबून असतात. लेसरच्या प्रकाशाची वारंवारिता कोलॅजनच्या तंतूंत दुप्पट होते या गुणधर्मावर आधारलेली नवी सूक्ष्मदर्शी पद्धत कोणताही रंग न लावता काम करते. तिच्यात पहिल्या प्रकाराचे जाड तंतू झळाळतात आणि दुसऱ्याचे बारीक तंतू मंद दिसतात. अशा प्रतिमेत परिकूर्चा उजळ आणि गाभा काळसर दिसला म्हणून गाभ्यात कोलॅजन नाही असे समजणे चूक ठरेल.

मांडणीतील एकेक घटक काढून घेतला की त्याचे मोल कळते. दुसऱ्या प्रकाराचे जनुक निकामी केलेल्या उंदरांत कूर्चापेशी तयार होतात, काही कूर्चाही होते, पण तिच्यात नेहमीचे तंतू नसतात आणि पेशींची मांडणी विस्कटलेली असते. ही पिले जन्माच्या सुमारास मरतात. अकराव्या प्रकाराचा प्रयोग निसर्गाने आधीच केलेला होता. १९७१ मध्ये वर्णन झालेल्या ‘सीएचओ’ नावाच्या उत्परिवर्तित उंदरांची पिले जन्मतःच मरत. त्यांच्या हातापायांची, बरगड्यांची, जबड्याची आणि श्वासनलिकेची कूर्चा सदोष असे. १९९५ मध्ये या दोषाचे मूळ सापडले. अकराव्या प्रकाराच्या एका पेडाच्या जनुकातील एक अक्षर गळाले होते. तंतूंमध्ये अल्प प्रमाणात असलेला घटक गेल्याने सगळ्या कूर्चेची एकसंधता जाते, ही गोष्ट त्यातून सिद्ध झाली.

माणसात सॉक्स-९ च्या दोषाने कॅम्पोमेलिक डिसप्लेशिया हा दुर्मीळ विकार होतो. ही जोड १९९४ मध्ये लागली. त्यात हातापायांची हाडे वाकलेली असतात, पण यातील बरीच बाळे दगावतात ती श्वासाच्या त्रासाने, कारण श्वासनलिका आणि श्वसनी मऊ असतात आणि छातीचा पिंजरा लहान असतो. दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनच्या जनुकातील दोषांची श्रेणी फार रुंद आहे. एका टोकाला जन्माआधी किंवा जन्मानंतर लगेच प्राण घेणारे विकार आहेत, तर दुसऱ्या टोकाला डोळे, सांधे आणि टाळू यांना बाधणारा स्टिकलर सिंड्रोम. वाटणीच बिघडलेली असेल तर वेगळे दोष दिसतात. कधी कडी मागच्या बाजूलाही पूर्ण होतात, स्नायूला जागा राहत नाही आणि नळी अरुंद राहते. कवटीचे सांधे अवेळी जुळणाऱ्या फायफर व क्रूझोन यांसारख्या विकारांत कधी कडी वेगळी न होता कूर्चेची सलग नळीच तयार होते. पहिल्या दोषात आडव्या वर्तुळाची मर्यादा पाळली गेली नाही, दुसऱ्यात उभे विभाजन झाले नाही.

सर्वांत जास्त आढळणारी अवस्था मात्र त्या मानाने सौम्य असते. नवजात बाळाची श्वासनलिका सुमारे ४ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम ४-५ मिलिमीटर व्यासाची असते. तिची कडी पातळ आणि मऊ असतात. काही बाळांत ती इतकी मऊ राहतात की श्वास सोडताना किंवा रडताना नळी मिटू लागते, घरघर ऐकू येते आणि खोकला भुंकल्यासारखा येतो. नेदरलँड्समधील २००५ च्या एका अभ्यासात श्वसनमार्गाच्या अशा प्राथमिक मऊपणाचे प्रमाण २,१०० बालकांत किमान एक असे आढळले. अन्ननलिका जन्मतः तुटलेली असेल तर हा मऊपणा अधिक दिसतो. आद्य अन्नमार्गातून दोन्ही नळ्या वेगळ्या होण्याच्या टप्प्यावर काही चुकले की दोन्हींवर परिणाम होतो. बहुतेक बाळांचा त्रास वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ओसरतो. नळीचा व्यास वाढतो, कडी जाड होतात आणि त्यांतील कोलॅजनचे जाळे दाट व अधिक जखडलेले होते. फार आधी जन्मलेल्या बाळांना श्वसनयंत्रावर ठेवावे लागते तेव्हा हाच मऊपणा वेगळा प्रश्न उभा करतो. यंत्राचा दाब कच्च्या नळीला ताणून रुंद करू शकतो आणि अशी सैल झालेली नळी पुढे सहज मिटते. नवजात विभागातील डॉक्टर दाबाचे आकडे जपून ठरवतात, त्यामागे फुप्फुसांबरोबरच हेही कारण असते.

काळ हाच खरा उपचार आहे, या समजुतीवर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एक उपाय बेतला गेला. एका बाळाच्या मिटणाऱ्या श्वसनीला बाहेरून आधार देणारे पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे त्रिमितीय मुद्रणाने बनवलेले कवच २०१२ मध्ये बसवले गेले आणि २०१३ मध्ये त्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. कवचाला एका बाजूने फट ठेवलेली होती, म्हणजे आतली नळी वाढेल तसे ते उघडत जाईल. त्याचे द्रव्य साधारण तीन वर्षांत शरीरात विरघळून जाईल असे निवडले होते. तेवढ्या अवधीत बाळाची स्वतःची कूर्चा पुरेशी कणखर होईल हा त्यामागचा हिशेब होता.

वाढ पूर्ण झाल्यावर कूर्चेतील कोलॅजनची उलाढाल फारच मंदावते. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग घेऊन गुडघ्याच्या कूर्चेवर २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले की वाढीच्या वयात बसलेले कोलॅजन प्रौढपणी जवळजवळ बदलले जात नाही. श्वासनलिकेतही कडी वयाबरोबर ताठर होत जातात. तंतूंमधले बंध वाढतात, पाणी कमी होते आणि उतारवयात कड्यांच्या गाभ्यात कॅल्शियमचे क्षार साठतात. काहींत तर कूर्चेच्या जागी खरे हाड येते, मज्जेसह. हातापायांच्या कूर्चेने गर्भातच ओलांडलेला टप्पा श्वासनलिकेची कडी अशा वेळी अनेक दशकांनी गाठतात.